फादर स्टीफन्स यांचे चाळीस वर्षांचे व्रत

फाल्गुन सरत आला, म्हणजे केजच्या बाजारपेठेत दोन प्रकारचे हिशेब ऐकू येऊ लागतात. पहिला हिशेब शेतकऱ्याचा व सालगड्याचा. कारण मराठवाड्यात सालगड्याचे साल पाडव्यास संपते व पाडव्यासच नवे लागते. दुसरा हिशेब मुकादमाचा व ऊसतोड कामगाराचा. कारण साखर कारखान्यांचे गाळप ह्याच सुमारास थांबत येते, आणि दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात गेलेली बीड जिल्ह्यातील कुटुंबे आपला संसार गाडीवर लादून गावाकडे परतू लागतात. उचल किती घेतली, किती फिटली आणि किती अंगावर राहिली, ह्याचीच बोलणी मग पारावर, हॉटेलात आणि आडतीच्या दुकानात चालतात. नेमक्या ह्याच दिवसांत जगभरचे ख्रिस्ती लोक एका तिसऱ्या हिशेबास बसलेले असतात. त्या हिशेबाची वही बाजारात मिळत नाही. ज्याची त्यानेच ती आपल्या अंतःकरणात उघडावयाची असते. मराठी ख्रिस्ती समाज ह्या दिवसांस उपवासकाळ अथवा प्रायश्चित्तकाळ म्हणतो.

केजमध्ये ख्रिस्ती वस्ती थोडी. तेव्हा हा विषय आमच्या वाचकांस परका वाटण्याचा संभव आहे. परंतु व्रत ही गोष्ट आमच्या गावास परकी नाही. येथे आषाढीचा उपास होतो, श्रावणी सोमवार पाळले जातात, चातुर्मासात पोथी लागते. रमजानात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही न घेणारे शेजारी आमच्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून राहतात. व्रत कसे करावे हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. आम्हांस विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे. व्रत संपल्यावर व्रत करणारा मनुष्य पूर्वीपेक्षा निराळा झालेला असतो काय? ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही आज एका अशा पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, की ज्याचा जन्म इंग्लंडात झाला, ज्याने ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओव्यांत गायिले, आणि ज्याची मराठीवरील भक्ती पाहून आम्हां जन्माच्या मराठी माणसांनीही मान खाली घालावी. ते पुरुष म्हणजे ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स होत.

प्रथम ह्या व्रताविषयी दोन शब्द. ख्रिस्ती लोकांचा पुनरुत्थानाचा सण, ज्यास ईस्टर म्हणतात, तो चंद्राच्या गतीवर अवलंबून असतो. चर्चच्या गणिताप्रमाणे २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणारी जी पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार हा तो सण. आमच्या पंचांगकर्त्यांस ह्यात नवल वाटणार नाही. त्या रविवारच्या ४६ दिवस आधी जो बुधवार येतो, त्या दिवशी उपवासकाळास आरंभ होतो. मधले सहा रविवार आनंदाचे म्हणून वगळले, म्हणजे उरतात ते चाळीस दिवस. पहिल्या बुधवारी मागील वर्षीच्या सणातील वाळलेल्या झावळ्या जाळून केलेली राख धर्मगुरू भाविकांच्या कपाळी लावतो व मनुष्य मातीचा आहे, मातीसच मिळणार आहे, ह्याची आठवण देतो. पुढे चाळीस दिवस तीन गोष्टी करावयाच्या असतात: प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. चाळीस हा आकडा ख्रिस्ताच्या चरित्रातून आला आहे. लोकांपुढे उपदेशास उभे राहण्यापूर्वी ख्रिस्त चाळीस दिवस अरण्यात निराहार राहिला व तेथे सैतानाने त्यास तीन मोह घातले, अशी कथा शुभवर्तमानात आहे. दगडांच्या भाकरी कर, हा पहिला मोह पोटाचा. देवळाच्या शिखरावरून उडी घाल, हा दुसरा मोह चमत्काराचा व लौकिकाचा. मला नमन कर म्हणजे जगातील सारी राज्ये तुला देतो, हा तिसरा मोह सत्तेचा. वाचकांनी हे तीन मोह ध्यानात ठेवावे. पुढे आम्हांस त्यांचा उपयोग आहे.

स्टीफन्स यांचा जन्म इसवी सन १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात, बुश्टन नावाच्या खेड्यात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. त्यांच्या तरुणपणी इंग्लंडात एलिझाबेथ राणीचे राज्य होते. राणीने रोमच्या पोपशी संबंध तोडलेला. देशाचा अधिकृत धर्म प्रॉटेस्टंट ठरलेला. आणि जुन्या कॅथलिक पंथास चिकटून राहिलेल्यांच्या मागे दंड, तुरुंग व पुढे पुढे फाशी अशी पीडा लागलेली होती. स्टीफन्स हे अशा छळ सोसणाऱ्यांपैकी होते. थॉमस पाउंड नावाच्या एका कॅथलिक सद्गृहस्थाबरोबर, त्याचा नोकर असल्याचे सोंग घेऊन, ते काही काळ गुप्तपणे हिंडले. पाउंड पकडला गेला व त्याच्या आयुष्याची कित्येक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स निसटले, रोमला पोहोचले, आणि १५७५ साली तेथे जेझुइट संघात दाखल झाले. राज्यसत्ता जेव्हा मनुष्याच्या उपासनेत हात घालते, तेव्हा काय होते, ह्याचा धडा त्यांनी पोथीतून घेतला नव्हता. तो त्यांच्या अंगावरून गेला होता.

ता. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बन बंदरातून गलबतावर चढले आणि आफ्रिकेस वळसा घालून २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. साडेसहा महिन्यांच्या ह्या प्रवासाचे वर्णन त्यांनी आपल्या वडिलांस पत्राने कळविले. वारा, प्रवाह, मासे, पक्षी, खलाशांचे आजार, अशा साऱ्या गोष्टींनी भरलेले ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले व हिंदुस्थानच्या सागरी मार्गाविषयी इंग्रजांस जी प्रारंभीची माहिती मिळाली तीत त्याची गणना झाली. इंग्लंडातून येऊन हिंदुस्थानात कायमचा राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचेच नाव घेतात. ते परत मायदेशी कधीच गेले नाहीत. १६१९ साली गोव्यातच त्यांनी देह ठेवला. १५७९ ते १६१९, हिशेब करून पाहावा: चाळीस वर्षे होतात. ख्रिस्ताच्या चाळीस दिवसांचे व्रत दरवर्षी पाळणाऱ्या ह्या साधूच्या वाट्यास चाळीस वर्षांचा परदेशवास आला. आमच्या मते त्यांचे खरे व्रत तेच होय.

ह्या व्रतात त्यांनी सोडले काय? देश सोडला, आप्त सोडले, हे तर कोणताही मिशनरी करतो. स्टीफन्स यांनी आणखी एक गोष्ट सोडली, जी विद्वान मनुष्यास अन्नाहूनही सोडण्यास कठीण असते. त्यांनी आपल्या भाषेचा अभिमान सोडला. ज्या काळात शेक्सपिअरसारखे कवी इंग्रजी भाषा वैभवास नेत होते, त्या काळात ह्या इंग्रजाने आपली काव्यशक्ती सासष्टीच्या शेतकऱ्यांची व ब्राह्मणांची भाषा शिकण्यात वेचली. पोर्तुगीज त्यांच्या नावाचा उच्चारही आपल्या पद्धतीने करीत; नावदेखील पुरते त्यांचे राहिले नाही. ते बोलीतील कोकणी शिकले, ग्रंथांतील मराठी शिकले, आणि ही नुसती कामचलाऊ भाषा नव्हती. १५८३ साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी नमूद केले की, ह्या देशातील भाषांची घडण लॅटिन व ग्रीक यांच्याशी जुळते. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांच्या एकमूलकत्वाचा सिद्धांत कलकत्त्यास मांडला तो १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. ज्यास शिकावयाचे असते, त्यासच साम्य दिसते. ज्यास केवळ शिकवावयाचे असते, त्याच्या नजरेस फक्त भेद पडतो.

ते गोव्यात आले तेव्हा तेथील वातावरण कसे होते, हे झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १५६० साली गोव्यात धर्मन्यायसभा, म्हणजे कुप्रसिद्ध इन्क्विझिशन, स्थापन झाली होती. सासष्टीतील देवळे पोर्तुगीजांनी १५६० नंतरच्या दशकात पाडली होती. हिंदूंच्या धर्मग्रंथांवर व उत्सवांवर बंदी आली होती. लोकांचा संताप अखेर १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे उसळला. देवळाच्या जागी चर्च उभारण्यासाठी जागा पाहावयास आलेल्या पाच जेझुइट साधूंना व त्यांच्यासोबतच्या लोकांना गावकऱ्यांनी ठार केले. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांस बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतले आणि तेथे त्यांची कत्तल केली. मेलेले साधू स्टीफन्स यांचेच संघबंधू होते. मेलेले गावकरी ज्या तालुक्यातील, त्याच तालुक्यात स्टीफन्स यांचे पुढील आयुष्य जावयाचे होते. ज्या छळास कंटाळून त्यांनी स्वदेश सोडला, तोच छळ येथे त्यांच्या स्वतःच्या धर्माच्या नावाने चालला होता. अरण्यातील तिसरा मोह तो हाच. सत्तेस नमन कर म्हणजे सारी राज्ये तुझी, ह्या बोलण्यास ख्रिस्ताने नकार दिला. गोव्यातील चर्चने होकार दिला, असे आम्हांस स्पष्ट म्हणावे लागते. स्टीफन्स हेही त्याच सत्तेच्या छायेत राहिले, आणि त्यांच्या पुराणात हिंदू देवतांविषयी कठोर शब्द आहेत, हेही आम्ही लपवू इच्छीत नाही. थोर पुरुषाचे चरित्र म्हणजे त्याची आरती नव्हे.

तरीही तलवारीच्या छायेत राहून हातात लेखणी धरणारा मनुष्य तलवार धरणाऱ्याहून निराळा असतो. त्याच १५८३ सालची एक गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांस विशेष रुचेल. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आदी काही इंग्रज व्यापारी खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थानाकडे येत असता ओर्मझ येथे पोर्तुगीजांनी त्यांस पकडले व हेर म्हणून गोव्याच्या तुरुंगात टाकले. परक्या बंदरात, परक्या कायद्याखाली अडकलेल्या व्यापाऱ्याचा जीव कसा टांगणीस लागतो, हे सांगणे नलगे. ते व्यापारी बहुधा प्रॉटेस्टंट. म्हणजे ज्यांच्या राज्याने स्टीफन्स यांना देशोधडीस लावले, त्या राज्याचे प्रजाजन. तथापि त्यांस जामीन मिळवून देण्याच्या खटपटीत फादर स्टीफन्स यांचा हात होता, आणि १५८३ च्या अखेरीस ते सुटले. पुढे फिच गोव्याहून निसटला, विजापूर, गोवळकोंडा, बुऱ्हाणपूर, आग्रा असा हिंडला, ब्रह्मदेशापर्यंत गेला व १५९१ साली लंडनला परतला. शत्रुपक्षाच्या माणसास संकटात हात देणे हा जर दानधर्म नव्हे, तर दानधर्म कशास म्हणावे?

आता मुख्य कार्याकडे वळू. आपले पुराण कसे जन्मास आले, ह्याची हकीकत स्टीफन्स यांनी ग्रंथाच्या आरंभीच दिली आहे. एका रविवारी सासष्टीतील चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा पाठ चालला असता नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे आला व त्याने एक साधा पण मर्मभेदक प्रश्न केला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, आमची जुनी पुराणे तुम्ही आम्हांस वाचू देत नाही. मग त्यांच्या जागी तुमची दुसरी पुराणे तरी आम्हांस का देत नाही? मनास आनंद देणारे, वेळ सत्कारणी लावणारे असे काही आमच्यापाशी उरलेले नाही. वाचकहो, ह्या प्रश्नात एका संपूर्ण समाजाची उपासमार बोलते आहे. त्या माणसांस बाप्तिस्मा मिळाला होता, प्रार्थना पाठ झाली होती, उपवासाचे नियम ठाऊक झाले होते. परंतु त्यांच्या कानांवर पडणारी कथा त्यांच्या घरच्या शब्दांत नव्हती. लॅटिनमध्ये म्हटलेला मंत्र जिभेवर राहतो, जिवाला भिडत नाही. सक्तीच्या लंघनाने कोणाचा आत्मा ताजा झाल्याचे आम्ही ऐकले नाही.

स्टीफन्स यांनी हा प्रश्न उद्धटपणा म्हणून झिडकारला नाही. त्यांनी त्याचे उत्तर देण्यास आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे दिली. १६१६ साली राचोल येथे छापून निघालेल्या त्यांच्या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वीची कथा ३६ अध्यायांत व ४,१८१ ओव्यांत आहे; दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र ५९ अध्यायांत व ६,७८१ ओव्यांत आहे. एकूण ओव्या १०,९६२ होतात. अध्यायास ते अवस्वरू म्हणतात. छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा, स्वर्गास शब्द वैकुंठ, उपमा आमच्या बागेतील फुलांच्या, रानातील मोराच्या, चंदनाच्या व कस्तुरीच्या. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या शाळेतील मुलांसही ठाऊक आहेत. गद्य प्रस्तावनेत त्यांनी आपले धोरण सांगून ठेवले आहे: शास्त्री-पुराणिकांची कठीण मराठी सामान्य जनांस कळणार नाही, म्हणून तीत कोकणीतील सोपे शब्द मिसळून हे लेखन केले आहे. पांडित्य दाखविण्याची शक्ती अंगी असता ते आवरणे, हाही एक उपवासच होय.

ह्याच दुसऱ्या भागात अरण्यातील चाळीस दिवसांची कथा आणि पुढे ख्रिस्ताच्या दुःखसहनाची व मरणाची कथा येते, जी उपवासकाळाचा प्राण आहे. सासष्टीतील श्रोत्यांनी ती प्रथमच आपल्या आजीच्या जात्यावरच्या छंदात ऐकली असेल, तेव्हा त्यांच्या मनात काय झाले असेल, ह्याची कल्पना आमच्या वाचकांस सहज येईल. रामविजय किंवा पांडवप्रताप लागला असता केजच्या एखाद्या ओसरीवर जे होते, तेच झाले असेल. रविवारी व सणाच्या दिवशी चर्चमधून हे पुराण गायिले जाऊ लागले, आणि १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

स्टीफन्स यांची एक इच्छा मात्र अपुरी राहिली. १६०८ साली रोममधील आपल्या वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी अशी तळमळ व्यक्त केली की, मरण्यापूर्वी येथील भाषेतील ग्रंथ येथील लिपीत छापलेले पाहावयास मिळावे. अडचण खिळ्यांची होती. रोमन लिपीस चोवीस अक्षरांचे खिळे पुरत; आमच्या काने, मात्रे, वेलांट्या व जोडाक्षरे यांस शेकडो लागत. ते घडले नाही, आणि ख्रिस्तपुराण रोमन लिपीतच छापावे लागले. देवनागरी खिळ्यांनी मराठी छापण्याचा योग पुढे १८०५ साली विल्यम केरी यांच्या मराठी व्याकरणाने बंगालमधील श्रीरामपुरास आला. स्टीफन्स यांचा प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचा ग्रंथ १६२२ साली व कोकणी भाषेचे व्याकरण १६४० साली, दोन्ही त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानी भाषेचे छापून निघालेले पहिले व्याकरण ते हेच, असे मानले जाते.

पुढे काय झाले, ते सांगताना आम्हांस खेद होतो. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या भाषेत एका इंग्रजाने ख्रिस्तास गायिले, त्याच भाषेवर ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सत्तेने घाव घातला. हुकूम काढणाऱ्यांची नावे आज कोणास आठवत नाहीत. भाषा जिवंत आहे. ख्रिस्तपुराणाच्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही; परंतु हस्तलिखितांनी ग्रंथ वाचविला. गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो बरोबर नेला व पिढ्यान्‌पिढ्या गायिला. तेथील हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे रोमन लिपीत त्याची आवृत्ती काढली. लंडनमधील मार्स्डेन संग्रहात देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित आहे, ह्याकडे मराठी संतवाङ्मयाचे अभ्यासक डॉ. जस्टिन ॲबट यांनी १९२० नंतरच्या काळात विद्वानांचे लक्ष वेधले. अखेर १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती पुण्यास निघाली. कर्त्याच्या इच्छेस मूर्त रूप येण्यास त्याच्या मरणानंतर ३३७ वर्षे लागली.

हेच डॉ. ॲबट कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे स्नेही होते, आणि टिळकांचे नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे आमच्या बीड जिल्ह्याचे शेजारी. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांच्या आयुष्यातील नवजीवन त्या एका दिवसात संपले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. अभंग, भजन, कीर्तन ह्या घरच्या वाटांनी त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासना नव्याने फुलविली. आणि १९१७ साली, मिशनचे वेतन सोडून, साताऱ्यास देवाचा दरबार ह्या नावाने एक निराळाच प्रयोग आरंभिला. ९ मे १९१९ रोजी ते वारले. त्यांनी सुरू केलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. स्टीफन्स १६१९ साली गेले, टिळक १९१९ साली. मध्ये बरोबर तीनशे वर्षे. एक इंग्रज मराठीत आला, एक मराठी ख्रिस्ताकडे गेला. आणि दोघांनाही आढळून आले ते एकच, की परक्या शब्दांत केलेला पश्चात्ताप वरवरचा राहतो.

आणखी एका योगायोगाकडे केजच्या वाचकांचे लक्ष वेधल्यावाचून आम्हांस राहवत नाही. स्टीफन्स गोव्यात ओव्या रचीत होते, तेव्हा आमच्याच शेजारी अंबाजोगाईस दासोपंत गीतार्णवाचा सागर मराठीत ओतीत होते. त्यांची पासोडी आजही तेथे पाहावयास मिळते. दासोपंत १६१५ साली समाधिस्थ झाले. ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले. त्या दोघांस एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तथापि दोघांचाही विश्वास एकच होता, की ईश्वराविषयी बोलावयाचे तर बाजारात, शेतात व चुलीपाशी जी भाषा बोलली जाते, तीत बोलावे. ज्या मराठीवर दोन निरनिराळ्या धर्मांतील असे दोन पुरुष एकाच काळी जीव ओवाळून टाकतात, तिच्या मुलखात धर्माधर्मांत भिंती उभारणाऱ्यांनी क्षणभर थांबून विचार करावा.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येतो. व्रत संपल्यावर मनुष्य बदलतो काय? उपवासकाळाच्या पहिल्या काही दिवसांतच कॅथलिक चर्चमध्ये यशया संदेष्ट्याचा एक भाग वाचला जातो. त्याचा आशय असा: उपवासाच्या दिवशी तुम्ही आपलाच धंदा पाहता, मजुरांस पिळून घेता, आणि वर मान खाली घालून राखेत बसता, असला उपवास देवास नको. जोखडाची बंधने तोडणे, दबलेल्यांस मोकळे करणे, उपाशी माणसास आपल्या भाकरीतील वाटा देणे, हाच देवास आवडणारा उपवास. हे वचन अडीच हजार वर्षांपूर्वीचे असून ज्यू व ख्रिस्ती ह्या दोन्ही धर्मांस मान्य आहे. परंतु ते वाचताना आम्हांस फाल्गुनातील केजचा बाजार दिसू लागतो. ऊसतोडीच्या कुटुंबाने सहा महिने थंडीत, खोपटात, मुलांची शाळा बुडवून घाम गाळला. तरी हिशेबाच्या अखेरीस उचल अंगावर शिल्लक आणि पुढच्या हंगामासाठी पुन्हा अंगठा. ज्या घरात हे कागद होतात, त्या घरात एकादशीही होते, रोजाही होतो, आणि कोठे उपवासकाळही पाळला जात असेल. साबुदाणा, खजूर किंवा शुक्रवारी वर्ज्य केलेले मांस, ह्यांनी त्या कागदातील आकडा एका रुपयानेही कमी होत नाही.

फादर स्टीफन्स यांच्या चरित्रातून आम्ही जे घेतो, ते एवढेच. त्यांनी एक प्रश्न कान देऊन ऐकला. प्रश्न विचारणारा त्यांच्याहून लहान होता, जिंकलेल्या लोकांपैकी होता, आणि त्याच्या प्रश्नात त्यांच्या स्वतःच्या संघावर ठपका होता. त्यांनी कान बंद केले असते तरी त्यांस कोणी जाब विचारणार नव्हते. परंतु ते ऐकते झाले, आणि त्या ऐकण्याने एका परधर्मीयाच्या हातून मराठीस एक महाकाव्य लाभले. आत्म्याचे नवजीवन म्हणतात ते बहुधा असेच सुरू होते: वरून प्रकाश पडून नव्हे, तर समोरच्या लहान माणसाचा प्रश्न कानी पडून.

यंदा पाडव्याच्या आत असा एकेक प्रश्न आपल्या दाराशी येईल. सालगडी विचारील, मुकादमाकडून परतलेली बाई विचारील, दुकानातील पोऱ्या विचारील. कदाचित तोंडाने विचारणारही नाही, नुसता उभा राहील. तेव्हा मापात खोट नाही ना, व्याजाचा आकडा देवासमोर वाचून दाखविता येईल ना, हे ज्याने त्याने आपल्या मराठीत आपल्यालाच विचारावे. राख कपाळी लावा वा न लावा. वही मात्र उघडा. ज्याच्या वहीतील एखाद्या गरिबाचे एक खोटे देणे ह्या फाल्गुनात खोडले गेले, त्याचा पाडवा खरा, त्याची ईद खरी, आणि त्याचा ईस्टरही खरा.